सदाफुली, नरक्या आणि हाडांचा कर्करोग

शहरातील कोणत्याही इमारतीच्या आवारात, गच्चीवरच्या कुंडीत, फार काय, रेल्वेच्या कुंपणभिंतीच्या फटीतही सदाफुली उगवलेली दिसते. पाणी घालायचे राहिले तरी ती मरत नाही, जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि देवाला वाहण्यापलीकडे तिचा काही उपयोग असेल असे फारसे कुणाच्या मनातही येत नाही. मात्र हाडांच्या एका विशिष्ट कर्करोगाने ग्रासलेल्या मुलाला रुग्णालयात शिरेवाटे जी औषधे दिली जातात, त्यांतील एक औषध याच सदाफुलीच्या पानांतून मिळते. दुसरे एक औषध हिमालयात उगवणाऱ्या वनककडीच्या मुळाशी नाते सांगते. रोग उलटला तर ज्या तिसऱ्या औषधाचा विचार होतो, त्याचा मूळ घटक सह्याद्रीच्या रानातील नरक्या नावाच्या झाडातही सापडतो.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, मुलाच्या हाडात कर्करोग आहे असे निदान झाल्यावर पहिला धक्का ओसरला, की घरातील कुणीतरी वडीलधारे माणूस हमखास विचारते, ‘यावर झाडपाल्याचे काही औषध नाही का?’ या प्रश्नामागे अडाणीपणा असतो असे मानणे अन्यायाचे आहे. केमोथेरपीचे दुष्परिणाम ऐकून माहीत असतात, पाय कापावा लागेल ही भीती असते आणि वनस्पती म्हणजे सौम्य, निर्धोक असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज असतो. शिवाय ‘हळदीतील द्रव्याने कर्करोगाच्या पेशी नष्ट’ अशा आशयाच्या बातम्या वर्षातून दोन-तीनदा तरी वाचनात येतात. तेव्हा वनस्पतीजन्य द्रव्यांनी हाडांच्या कर्करोगावर आजवर काय दिले, काय दिले नाही आणि पुढे काय देण्याची शक्यता आहे, याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे आवश्यक ठरते.

हाडांचा कर्करोग एकच नव्हे

‘हाडांचा कर्करोग’ हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे करतो. स्तनाचा, प्रोस्टेट ग्रंथीचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग पसरत पसरत हाडात शिरतो, तेव्हाही आपण तेच म्हणतो. प्रत्यक्षात तो मूळ अवयवाचाच कर्करोग असतो आणि त्याचे उपचारही त्या अवयवाच्या कर्करोगाचे असतात. हाडातच जन्म घेणारे कर्करोग अत्यंत विरळ आहेत. एकूण कर्करोगांत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. परंतु त्यांची क्रूरता वयात आहे. त्यांतील दोन प्रमुख प्रकार, ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा, हे मुख्यतः दहा ते वीस या वयोगटात, म्हणजे मूल झपाट्याने उंच होत असते त्या काळात गाठतात. कॉन्ड्रोसार्कोमा हा तिसरा प्रकार प्रौढांत आढळतो. तो केमोथेरपीला फारशी दाद देत नाही आणि त्यावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आहे.

ऑस्टिओसार्कोमा बहुधा गुडघ्याच्या वर किंवा खाली सुरू होतो. गुडघा दुखतो, रात्री अधिक दुखतो, मग सूज येते. मैदानावर लागले असेल, वाढीचे दुखणे असेल, अशी समजूत घातली जाते. लेप लावले जातात, मालिश केले जाते. यात जाणारे आठवडे परत मिळत नाहीत, कारण हा रोग रक्तावाटे फुप्फुसात पोहोचतो. तो पसरण्यापूर्वी निदान झाले तर योग्य उपचारांनी साधारण ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षे वा अधिक जगतात. पसरल्यानंतर हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. १९७० पूर्वी, जेव्हा अवयवच्छेदन हाच एकमेव उपाय होता, तेव्हा पाच रुग्णांपैकी जेमतेम एक वाचत असे. मधल्या काळात जो फरक पडला तो केमोथेरपीमुळे पडला.

अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये वर्णिलेला युइंग सार्कोमा हा वेगळ्या कुळातील रोग होय. त्याच्या पेशी हाड तयार करीत नाहीत. बहुतेक रुग्णांत अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन एक विकृत जनुक तयार होते आणि तेच सारा अनर्थ घडविते. हा रोग केमोथेरपीला चांगली दाद देतो. या दोन रोगांतील फरक येथे मुद्दाम सांगितला, कारण वनस्पतींनी एका रोगात भरभरून दिले आहे आणि दुसऱ्यात जवळजवळ काहीच दिलेले नाही.

मधुमेहाच्या काढ्यातून निघालेले औषध

सदाफुलीची मूळ भूमी मादागास्कर. तेथून ती जगभर पसरली आणि बहुतेक ठिकाणी मधुमेहावरील औषध म्हणून तिची ख्याती झाली. आपल्याकडेही सकाळी अनशेपोटी तिची पाने चावणारी माणसे आहेत. १९५२ मध्ये कॅनडातील संशोधक रॉबर्ट नोबल यांना त्यांचे डॉक्टर बंधू क्लार्क यांच्याकडून एक पाकीट मिळाले. त्यात जमैकातून आलेली सदाफुलीची पंचवीस पाने होती आणि तेथील लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेतात अशी माहिती होती. नोबल यांनी अर्क काढून उंदरांना दिला. त्यांची रक्तशर्करा तसूभरही हलली नाही. मात्र अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या होत्या. काढ्याच्या कीर्तीचा मधुमेहाशी संबंध सिद्ध झाला नाही. पण पांढऱ्या पेशी नष्ट करणारे द्रव्य रक्ताच्या कर्करोगावर चालू शकेल, हा विचार नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी पुढे नेला. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन हे अल्कलॉइड हाती आले. त्याच सुमारास अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतही सदाफुलीवर स्वतंत्र काम चालू होते. तेथे व्हिन्क्रिस्टीन सापडले आणि १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

व्हिन्क्रिस्टीनचे कार्य समजण्यास सोपे आहे. पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातील गुणसूत्रे दोन टोकांना ओढून नेण्यासाठी प्रथिनांच्या सूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो. ट्युब्युलिन नावाच्या विटा एकावर एक रचून या नळ्या बनतात. व्हिन्क्रिस्टीन या विटांना चिकटते आणि सांगाडा उभाच राहू देत नाही. विभाजन अर्ध्यावर अडकते आणि पेशी मरते. वारंवार दुभंगणाऱ्या कर्करोगपेशींना याचा फटका अधिक बसतो. परंतु अशाच नळ्या मज्जातंतूंतही असतात आणि त्यांच्यावाटे चेतापेशीतील मालाची ने-आण होते. म्हणूनच व्हिन्क्रिस्टीन घेणाऱ्या मुलांच्या बोटांना मुंग्या येतात, कधी चालताना पाऊल लटकते, बद्धकोष्ठ होतो. सदाफुली दिसायला कितीही गोजिरवाणी असली, तरी हे द्रव्य म्हणजे किडे आणि जनावरे यांच्यापासून स्वतःला वाचविण्यासाठी वनस्पतीने घडविलेले विष आहे.

आणि ते पानात असते तरी किती? एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन मिळविण्यासाठी सुमारे दोन हजार किलो वाळलेली पाने लागतात. प्रौढ रुग्णाला एका वेळी जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅम दिले जाते. म्हणजे एका इंजेक्शनमागे चार किलो वाळलेली पाने झाली. मूठभर पाने उकळून केलेल्या काढ्यात औषधाचा हा अंश किती उतरेल आणि त्यासोबत पानातील इतर कितीतरी अल्कलॉइडे पोटात जातील, याचा विचार ज्याचा त्याने करावा. शिवाय व्हिन्क्रिस्टीन तोंडावाटे देतच नाहीत. या तुटपुंज्या उताऱ्यामुळे सदाफुलीच्या औषधांचा जगभर अधूनमधून तुटवडा पडत आला आहे. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील जे कीसलिंग यांच्या गटाने किण्व, म्हणजे यीस्ट, या सूक्ष्मजीवात वनस्पतीची अनेक जनुके बसवून व्हिन्ब्लास्टीनचे दोन मूळ घटक त्याच्याकडून तयार करवून घेतले. या मार्गाने पुढे-मागे पानांवरील अवलंबित्व कमी होऊ शकेल.

वनककडीचे देणे

दुसरी वनस्पती म्हणजे पोडोफायलम. हिची एक जात अमेरिकेत आणि एक हिमालयात उगवते. हिमालयातील जातीला हिंदीत बनककडी किंवा वनककडी म्हणतात. तिच्या मुळांतील राळ जुलाबासाठी आणि चामखिळीवर लावण्यासाठी वापरात होती. या राळेतील पोडोफायलोटॉक्सिन कर्करोगावर वापरून पाहिले गेले, पण ते रुग्णाला सोसवेना. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत बदल करून १९६६ मध्ये इटोपोसाइड तयार केले. गंमतीचा भाग असा की, मूळ द्रव्य सदाफुलीप्रमाणेच नळ्यांवर काम करते, तर बदललेला रेणू अगदी वेगळ्या ठिकाणी घाव घालतो. डीएनएच्या लांबच लांब धाग्याला पेच पडू नयेत म्हणून टोपोआयसोमरेज हे विकर तो धागा कापते आणि पुन्हा जोडते. इटोपोसाइड कापू देते, जोडू मात्र देत नाही. १९८३ मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

युइंग सार्कोमात त्याचे मोल किती, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीने दाखवून दिले. व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन आदी औषधांच्या जुन्या उपचाराला आयफॉस्फॅमाइड आणि इटोपोसाइड यांची आलटून पालटून जोड दिल्यावर, ज्यांचा रोग पसरलेला नव्हता अशा रुग्णांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ६१ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेले. शंभरांतील आणखी अकरा मुले वाचली. आज युइंग सार्कोमाच्या प्रमाणित उपचारात पाच औषधे असतात आणि त्यांतील दोन, व्हिन्क्रिस्टीन आणि इटोपोसाइड, वनस्पतींची देणगी आहेत. ‘केमोथेरपी नको, झाडपाल्याचे द्या’ असे म्हणणाऱ्या आप्तांना ही गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. सांगायला हवी. वनककडीने मात्र याची किंमत मोजली आहे. मुळासाठी झाडच उपटावे लागत असल्याने हिमालयात ती दुर्मीळ होत गेली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. रुग्णांनाही किंमत मोजावी लागते. इटोपोसाइड घेतलेल्या काही थोड्या रुग्णांना पुढे काही वर्षांनी रक्ताचा कर्करोग होतो.

नंदुरबार, गोरेगाव आणि सह्याद्री

तिसऱ्या वनस्पतीच्या कथेत महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो आपल्याकडे असायला हवा तितका परिचित नाही. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविल्यानंतर १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासमवेत काम करू लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्या काळात जगभरातील वनस्पतींचे अर्क तपासण्याचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला होता. १९६० ते १९८२ या काळात सुमारे एक लाख चौदा हजार अर्क तपासले गेले. त्यातून औषध म्हणून खऱ्या अर्थाने मोठी ठरलेली द्रव्ये दोनच मानली जातात, कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल. दोन्हींची रचना वॉल आणि वाणी यांच्याच गटाने उलगडली. पहिलीची १९६६ मध्ये, दुसरीची १९७१ मध्ये. एकाच प्रयोगशाळेच्या वाट्याला असे दोन शोध येणे ही विज्ञानाच्या इतिहासातील दुर्मीळ घटना म्हणावी लागेल. वाणी यांचे २०२० मध्ये निधन झाले.

कॅम्प्टोथेसिन प्रथम एका चिनी वृक्षात सापडले. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी यांनी तेच द्रव्य भारतातील एका झाडात असल्याचे दाखविले. गोविंदाचारी त्या वेळी मुंबईतील गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते, आणि ते झाड म्हणजे आपला नरक्या. सह्याद्रीच्या पावसाळी रानात वाढणाऱ्या या झाडाच्या फुलांना घाण वास येतो, एवढीच त्याची ओळख होती. औषधी मोल कळल्यावर मात्र परदेशी मागणीपोटी त्याची बेसुमार तोड सुरू झाली आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्याच्या तस्करीच्या बातम्या येऊ लागल्या. गावातील माणसाच्या हाती कवडीमोल मजुरी पडते आणि अनेक ठिकाणी जाणते वृक्षच नाहीसे होतात.

या द्रव्याचा औषध होण्यापर्यंतचा प्रवास तर धडा घेण्यासारखा आहे. रुग्णांवरील पहिल्या चाचण्या १९७०च्या दशकाच्या प्रारंभी थांबवाव्या लागल्या, कारण त्याने मूत्राशयातून रक्तस्राव होण्यासारखे गंभीर त्रास होत होते. दहा-बारा वर्षे ते जवळपास अडगळीत पडले. १९८५ मध्ये ते टोपोआयसोमरेजच्या दुसऱ्या प्रकारावर काम करते असे कळले आणि पुन्हा रस निर्माण झाला. रेणूत फेरफार करून टोपोटेकन आणि आयरिनोटेकन ही औषधे बनली आणि १९९६ मध्ये दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली. युइंग सार्कोमा उलटल्यास ही औषधे इतर औषधांच्या जोडीने दिली जातात. येथेही हात आखडताच घ्यायला हवा. उलटलेल्या युइंग सार्कोमावरील चार उपचारांची तुलना करणाऱ्या एका युरोपीय चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. तीत या दोन्ही औषधांवर आधारित उपचारांपेक्षा अधिक मात्रेतील आयफॉस्फॅमाइड, म्हणजे पूर्णपणे कृत्रिम औषध, सरस ठरले.

टॅक्सॉल आणि त्याचे भावंड डोसेटॅक्सेल यांचा उल्लेख येथे धावताच पुरे. ही औषधे ट्युब्युलिनच्या नळ्या मोडू देत नाहीत, म्हणजे सदाफुलीच्या नेमके उलट करतात आणि परिणाम मात्र तोच साधतात. हाडातच जन्मलेल्या कर्करोगात त्यांचा उपयोग मर्यादित आहे. परंतु स्तनाच्या वा प्रोस्टेटच्या हाडांत पसरलेल्या कर्करोगात ती रोजच्या वापरातील औषधे आहेत.

जेथे वनस्पती हरल्या

आता ऑस्टिओसार्कोमाकडे वळू. त्याच्या प्रमाणित उपचारात तीन औषधे आहेत. मेथोट्रेक्सेट कृत्रिम आहे, सिसप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग आहे आणि डॉक्सोरुबिसिन मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळते. वनस्पतीजन्य द्रव्य त्यात एकही नाही. प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. १९७०च्या दशकात मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेटच्या जोडीला व्हिन्क्रिस्टीन देत असत. ते वगळले तरी निकालात फरक पडत नाही, असे दिसल्यावर ते सोडून देण्यात आले. इटोपोसाइडची तर फार मोठी परीक्षा झाली. २००५ ते २०११ या काळात १७ देशांतील २,२६० रुग्ण युरामॉस नावाच्या चाचणीत सहभागी झाले. शस्त्रक्रियेआधीच्या उपचाराला ज्यांच्या गाठीने नीट दाद दिली नव्हती, अशा ६१८ जणांपैकी निम्म्यांना नेहमीची औषधे आणि उरलेल्यांना त्यांच्या जोडीला आयफॉस्फॅमाइड व इटोपोसाइड देण्यात आले. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोगावर काही फायदा नाही. दुष्परिणाम मात्र वाढले. युइंग सार्कोमात ज्या जोडगोळीने अकरा टक्के जीव वाचविले, तीच येथे निष्प्रभ ठरली.

असे का व्हावे? एक संभाव्य कारण विचार करण्यासारखे आहे. आपल्या अनेक पेशींच्या पटलावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप असतो. अन्नातून येणारी परकी विषे बाहेर फेकणे हे त्याचे काम. वनस्पतींच्या विषांशी प्राणिसृष्टीचा लढा कोट्यवधी वर्षांचा आहे आणि हा पंप त्याच लढ्यातील एक ढाल असावा. व्हिन्क्रिस्टीन, इटोपोसाइड, टॅक्सॉल हे तिन्ही रेणू तो ओळखतो. काही ऑस्टिओसार्कोमांच्या पेशींत हा पंप मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिसप्लॅटिन आणि मेथोट्रेक्सेट त्याच्या तावडीत सापडत नाहीत. एवढ्याने सारे कोडे सुटते असे नाही, कारण डॉक्सोरुबिसिनलाही हा पंप बाहेर फेकतो आणि तरीही ते उपयोगी पडते. ऑस्टिओसार्कोमाच्या गुणसूत्रांत तर इतकी उलथापालथ असते की, एका नेमक्या जागी नेम धरणेच अवघड जाते. चार दशके या रोगातील जगण्याचे प्रमाण जवळपास तेथेच अडले आहे. नव्या द्रव्यांचा शोध सर्वांत निकडीचा असेल तर तो येथे.

हळदीचे काय?

म्हणूनच ऑस्टिओसार्कोमा आणि वनस्पती यांवर निबंधांचा पाऊस पडतो. हळदीतील कर्क्युमिन, दारुहळदीतील बर्बेरिन, द्राक्षांतील रेस्व्हेरॅट्रॉल, सोयाबीनमधील जेनिस्टीन, अश्वगंधेतील विथाफेरिन यांपैकी प्रत्येकाने प्रयोगशाळेतील ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी मारल्याचे निबंध आहेत. त्यांतील आकडे खोटे असतात असे नव्हे. पण काचेच्या बशीतील या पेशी कुठल्या, हे ध्यानात घ्यावे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पेशीवंशांपैकी एक १९६४ मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या पायाच्या हाडातील गाठीपासून सुरू झाला. त्या पेशी तेव्हापासून बाटल्यांत वाढत आहेत. त्यांना रक्तपुरवठा नाही, यकृत नाही, आजूबाजूला हाड नाही. त्यांच्यावर द्रव्य सरळ ओतता येते. अशा पेशी मारणारी द्रव्ये हजारोंनी आहेत. साबणाचे पाणीही त्या मारील.

खरा प्रश्न मात्रेचा आहे. बशीतील पेशी मारण्यास कर्क्युमिनची साधारणतः दहा ते वीस मायक्रोमोलर इतकी तीव्रता लागते. इंग्लंडमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन दिले असता रक्तातील त्याची तीव्रता सुमारे अकरा नॅनोमोलर भरली. म्हणजे गरजेच्या हजारांश. हळदीत कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास असते, हे धरले तर ३.६ ग्रॅम म्हणजे रोज सव्वाशे ग्रॅमच्या घरात हळद झाली. आतड्यातून ते नीट शोषले जात नाही, जे शोषले जाते ते यकृत लगोलग बदलून टाकते आणि मूळ रेणूही अस्थिर आहे. २०१७ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका परखड आढाव्यात, कर्क्युमिनच्या १२० हून अधिक चाचण्या होऊनही दुहेरी अंध पद्धतीची एकही चाचणी निर्विवाद यशस्वी ठरलेली नाही, असे नमूद केले गेले. हळदीच्या पेटंटची लढाई १९९७ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपण जिंकली, त्याचा अभिमान रास्तच आहे. तो लढा पारंपरिक ज्ञानाच्या मालकीचा होता. हळद कर्करोग बरा करते, असे त्यातून सिद्ध झाले नाही.

तरीही हे दार बंद झाले असे म्हणता येणार नाही. रक्तात टिकत नाही, तर द्रव्य थेट हाडातच का ठेवू नये, असा विचार वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील सुस्मिता बोस यांच्या गटाने केला. गाठ काढल्यावर हाडात जी पोकळी राहते ती भरण्यासाठी कॅल्शियम फॉस्फेटचा सच्छिद्र सांगाडा त्रिमिती मुद्रणाने तयार करायचा आणि मेदाच्या सूक्ष्म कुप्यांत भरलेले कर्क्युमिन त्यात बसवायचे. तेथून ते हळूहळू झिरपते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत अशा सांगाड्यावर कर्करोगपेशींची वाढ रोखली गेली आणि निरोगी हाडपेशींची वाढ मात्र चांगली झाली. सोयाबीनमधील द्रव्यांवरही त्यांनी असेच काम केले आहे. हे सारे अद्याप प्रयोगशाळेच्या पातळीवरचे आहे आणि ऑस्टिओसार्कोमाचे रुग्ण दगावतात ते बहुधा फुप्फुसात पसरलेल्या रोगाने, ज्यावर हाडातील सांगाड्याचा काही इलाज नाही. पण प्रश्न नेमका कुठे आहे हे ओळखून केलेले हे काम आहे, आणि ‘अमुक अर्काने पेशी मेल्या’ या साच्यातील शंभर निबंधांपेक्षा ते प्रस्तुत लेखकाला अधिक मोलाचे वाटते.

केमोथेरपीसोबत काढा

अनेक कुटुंबे दोन्ही चालू ठेवतात. रुग्णालयात केमोथेरपी आणि घरी काढा, गोळ्या, चूर्ण. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगत नाहीत. यात धोका आहे आणि तो काल्पनिक नाही. युरोपात औदासीन्यावर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आयरिनोटेकन घेणाऱ्या रुग्णांनी ही वनस्पती घेतली असता औषधाच्या सक्रिय रूपाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले, कारण तिने यकृतातील विकरे चेतवून औषधाची विल्हेवाट वेगाने लावली. याउलट, ही विकरे थोपविणारी द्रव्ये पोटात गेल्यास व्हिन्क्रिस्टीन शरीरात साचून मज्जातंतूंना इजा करू शकते. खुद्द कर्क्युमिनने स्तनाच्या कर्करोगाच्या प्राणिप्रयोगांत केमोथेरपीचा परिणाम बोथट केल्याचे २००२ मध्येच दाखविले गेले आहे. भाजीतील चमचाभर हळदीने असे काही होत नाही. प्रश्न एकवटलेल्या गोळ्यांचा आहे.

ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णाने मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर विशेष जपावे. हे औषध प्रचंड मात्रेत देऊन ठरावीक वेळी उताऱ्याने आवरायचे असते आणि ते मूत्रपिंडांवाटे वेळेत बाहेर पडणे जीवनमरणाचे असते. अ‍ॅस्पिरिन वर्गातील द्रव्ये ते बाहेर पडू देत नाहीत, मग ती गोळीतून आलेली असोत की विलोच्या सालीच्या चूर्णातून. हाडदुखीसाठी घरात पडलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्यांनाही हाच नियम लागू होतो. मेथोट्रेक्सेट फोलिक आम्लाच्या मार्गात आडवे येऊन काम करते, म्हणून फोलिक आम्ल असलेली शक्तिवर्धके आपल्या मनाने सुरू करू नयेत. मुलाच्या पोटात जे जे जाते, काढ्याच्या पुडीपासून टॉनिकच्या बाटलीपर्यंत, त्याची यादी घटकांसह कागदावर लिहून सलाइन लावण्यापूर्वी डॉक्टरांच्या हाती द्यावी, आणि घटक माहीत नसतील तर पुडीच सोबत न्यावी.